टेकडीचा पूर्व उतार : फुटव्यांच्या कामाच्या नोंदी, 2024

जागा : पुण्याच्या पश्चिमेकडच्या टेकडीवरचा वनविभागाचा पट्टा, साधारण एक हेक्टर. मुरूम वीतभर, कुठे तेवढाही नाही. खाली काळा कातळ. पाऊस सातशे मिलिमीटरच्या आसपास, तोही चार महिन्यांत. काही दशकांपूर्वी लावलेल्या गिरिपुष्पाची (उंदीरमारी) गर्दी आणि तिच्यात दबलेले पळस, धामण, मेढशिंगी, आपटा, हिवर, बोर, वारस. देशी झाडं बहुतेक कमरेएवढी आहेत, पण त्यांना रोपं समजू नये. वणव्याने, शेळ्यांनी आणि कोयत्याने वर्षानुवर्षं खुडलेली ती जुनी मुळं आहेत. म्हणून या पट्ट्यात नवे खड्डे घेतलेले नाहीत. देशी खुंटाला जोर द्यायचा आणि गिरिपुष्पाच्या खुंटाचा जोर काढायचा, एवढंच काम. हत्यार दोन्हीकडे तेच, हंगाम वेगळा.

परवानगी लेखी घेतलेली आहे. प्रत्येक कामाच्या आदल्या दिवशी वनरक्षकांना फोन. तोडलेली काडीसुद्धा पट्ट्याबाहेर न्यायची नाही.

7 जानेवारी, रविवार : खुणा

पानगळ पुरी व्हायच्या आत खुणा उरकल्या. झाड उघडं पडलं की मेढशिंगी आणि वारस यांच्या लहान खोडांत नवा माणूस हमखास फसतो. मेढशिंगीच्या कोयत्यासारख्या वाकड्या शेंगा लटकत असल्या तर प्रश्न नाही, पण कमरेएवढ्या झुडपाला शेंगा कुठून येणार?

खुणेसाठी सुती चिंध्या. प्लास्टिकची पट्टी उन्हात तुकडे होऊन पडते आणि खोड वाढलं की सालीत रुतते. पांढरी चिंधी म्हणजे हात लावायचा नाही. पिवळी म्हणजे बुडछाटणी, नवे फुटवे यावेत म्हणून खोड जमिनीलगत कापणं. चिंधी नसलेलं गिरिपुष्प पावसाळ्यात बघायचं. चिंधी नसलेलं आणि ओळखू न आलेलं झाड आपोआप पांढऱ्यात जमा.

चंदनाला कुठलीच खूण नाही, वहीत जागाही लिहिलेली नाही. टेकड्यांवर चंदनाची चोरी होते आणि रंगीत चिंधी म्हणजे चोराला आमंत्रण. चंदनाच्या मुळांवरून धुमारे येतात, त्यामुळे त्याच्या आसपास दोन-तीन मीटरांत टिकावही नको.

21 जानेवारी, रविवार : जाळरेषा

वणवा अडावा म्हणून पायवाटेच्या वरच्या अंगाला तीन मीटर रुंदीची पट्टी साफ केली. विळ्याने गवत बुडाशी कापलं, दाताळ्याने ओढलं आणि झाडून माती उघडी केली. शेवटचं झाडणं टाळलं तर जाळरेषेला अर्थ नाही. कापलेल्या कुसळी गवताच्या दोन इंची खोडक्यांवरूनही आग सरकत पलीकडे जाते. गवत आता वाळून कोळ झालंय, गुरं तोंड लावत नाहीत, तरी पायथ्याच्या गोठ्यावाल्यांनी अंथरायला नेलं. त्यासाठी वनरक्षकांना आधी विचारलं होतं.

गिरिपुष्पाचा आणि सागाचा पाला फेब्रुवारीभर पडत राहणार. म्हणजे ही पट्टी होळीपर्यंत दर पंधरा दिवसांनी पुन्हा झाडावी लागेल. पट्टी जाळून साफ करायची सूचना आली होती. ते काम वनविभागाचं, स्वयंसेवकांनी काडेपेटी पट्ट्यात आणायचीच नाही. धूर दिसला तर आधी 1926 या हेल्पलाइनला फोन, मग झावळ्या-फांद्या शोधायच्या.

4 फेब्रुवारी, रविवार : हत्यारं

बुडछाटणीआधी धार. बोथट कोयता लाकूड कापत नाही, चेचतो; आणि चेचलेल्या जागेवरची साल लाकडापासून सुटते. फुटवे याच सालीखालच्या डोळ्यांतून यायचे असतात. साल सुटली की त्या बाजूचे डोळे वाळले, मग खुंट एकाच अंगाने फुटतो किंवा फुटतच नाही.

कोयत्याला कानस एकाच दिशेने, धारेकडून पाठीकडे नव्हे तर पाठीकडून धारेकडे. दोन्ही अंगांना सारखे हात मारायचे, नाहीतर धार एका बाजूला झुकते आणि घाव तिरपा जातो. कानशीनंतर ओला दगड. धार लागली की नाही ते बोटाने बघू नये. वर्तमानपत्राचा कागद हातात धरून कापावा, फाटला तर अजून काम बाकी आहे.

बो-सॉला हिरव्या लाकडाचं पातं घातलं. वाळक्या लाकडाच्या पात्याला दातांमधल्या मोठ्या खाचा नसतात, ओला भुसा बाहेर पडत नाही आणि करवत मध्येच अडकते. दोन कुऱ्हाडींचे दांडे सैल झालेले निघाले. पाण्यात भिजवून फुगवणं हा एका दिवसाचा उपाय, वाळल्यावर दांडा पहिल्याहून सैल. नव्या पाचरी ठोकल्या.

वाटणी अशी : अंगठ्याएवढ्या काडीपर्यंत छाटणीची कात्री, मनगटाएवढ्या खोडापर्यंत कोयता, त्यापुढे करवत. कुऱ्हाड फक्त वाळक्या लाकडाला.

18 फेब्रुवारी, रविवार : देशी खुंटांची बुडछाटणी

पिवळ्या चिंध्यांची चौतीस झुडपं. यातला पळस फुलायला लागलाय, त्यातले तीन गाळले. फुलावर आलेल्या झाडाला यंदा सुट्टी. उरली एकतीस.

हाच हंगाम का? झाड निजलेलं आहे. पावसाळ्यात पानांनी केलेलं अन्न मुळांत आणि बुडख्यात साठलेलं आहे आणि नवी पालवी अजून फुटलेली नाही, म्हणजे शिल्लक पुरी आहे. आता वरचं वेडंवाकडं खोड काढलं की ही सगळी शिल्लक नव्या सरळ फुटव्यांना मिळते. पालवी फुटल्यावर, एप्रिल-मेमध्ये, तोडलं तर शिल्लक पानांत गेलेली असते आणि तीच आपण तोडून टाकतो.

क्रम :

बुडाभोवती हातभर जागा मोकळी करायची, आधी काठीने. दगडाखाली फुरसं असू शकतं, घोणस पाल्यात दिसत नाही. गमबूट नाही त्याने फांद्या ओढायच्या.

मग घाव कुठे घालायचा ते ठरवायचं. जमिनीपासून पाच ते दहा सेंटिमीटर, त्याहून वर नाही. उंच ठेवलेल्या खुंटावरचे फुटवे टोकाशी येतात, सालीला नुसते चिकटलेले असतात आणि पहिल्या वळवाच्या वाऱ्यात खांद्यापासून मोडतात. जमिनीलगतचे फुटवे मातीला टेकून उभे राहतात.

खोड झुकलेलं असेल तर झुकलेल्या अंगाला खालून आधी एक तृतीयांश काप, मग विरुद्ध बाजूने वरून. सरळ वरूनच कापत गेलं तर शेवटच्या धाग्यांवर खोड कोसळतं आणि साल मुळापर्यंत चिरत नेतं. आज एका आपट्याचं असंच झालं, खोड जेमतेम मनगटाएवढं असूनही. त्या खुंटाची चिरलेली साल धारदार चाकूने जिथे पक्की आहे तिथपर्यंत साफ केली, त्यावर दुसरं काही लावलं नाही. डांबर, चुना, शेण यातलं काहीही नको; हवा लागून जखम सुकलेली बरी.

कापाला हलका उतार, पाणी खुंटाच्या मध्यावर न साचता बाहेर पडेल असा. खूप तिरपा कापही नको, त्याने कापाचं क्षेत्र वाढतं आणि टोक सुकत खाली येतं.

जातीनुसार फरक : धामण, पळस, बोर, आपटा बुडातून खात्रीने फुटतात. हिवर मुळांवरूनही उठतो, त्यामुळे त्याच्याभोवती लांबवर जपून चालावं लागतं. सालईचा मोठा खुंट फुटेलच असं नाही. वरच्या कड्याजवळच्या दोन्ही सालयांना पांढरी चिंधी आहे ती म्हणूनच.

छाटलेल्या बोरीच्या काटेरी फांद्या लगेच खुंटांवर पालथ्या ठेवल्या, बुंधे वरच्या बाजूला आणि काटे बाहेर. हे काम दुसऱ्या दिवसावर ढकलता येत नाही. एप्रिलमध्ये सगळा डोंगर पिवळा असताना हिरवं काय ते हेच फुटवे, आणि शेळीला ते पाव किलोमीटरवरून कळतं.

17 मार्च, रविवार : होळीआधी

पुढच्या रविवारी होळी. वाटेकडेची दोन वाळकी खोडं कोणीतरी नेली, त्याचं फार काही नाही. चिंता पांढऱ्या चिंध्यांची. काटेरी फांद्यांचे तीन झाप उचललेले आढळले, जळण म्हणूनच गेले असणार. खालच्या वस्तीतल्या मंडळांशी बोलणं झालं. त्यांना पायथ्याला गिरिपुष्पाच्या वाळलेल्या फांद्या वनविभागाकडून मिळाव्यात अशी विनंती वनपालांकडे दिली आहे. जाळरेषा पुन्हा झाडली.

गणेर फुललाय, पिवळाजर्द, एकही पान नाही.

7 एप्रिल, रविवार : शेंगा

गिरिपुष्पाच्या शेंगा पिवळट झाल्यात. वाळल्या की फट्‌कन उकलतात आणि बी काही मीटर दूर उडतं. बियांना कुठली प्रक्रिया लागत नाही, पहिल्या पावसात सगळं उगवतं. म्हणून आकडीने जितक्या हाताशी येतील तितक्या शेंगा काढल्या, पट्ट्याच्या वरच्या कडेच्या झाडांच्या आधी, कारण उतारावर बी खालीच येतं. तीन गोण्या भरल्या. गोण्या उघड्या कातळावर पसरून उन्हात फुटू दिल्या, बी गोळा करून वनविभागाच्या शेडमध्ये ठेवलं. ते खायच्या धान्याजवळ ठेवायचं नाही : उंदीरमारी हे नाव उगाच पडलेलं नाही.

देशी खुंटांपैकी तेवीस फुटलेत. धामण सर्वांत पुढे.

19 मे, रविवार

सकाळी साडेआठनंतर काम अशक्य. चार खुंट अजून मुके. एकाच्या कापावर वाळवीची माती, खालचं लाकूड पोखरलेलं. काटेरी झाप खोडाला टेकून बसला होता, त्यातूनच वाळवी चढली. सगळे झाप हातभर बाहेर सरकवले. उरलेल्या तिघांची साल नखाने खरवडली, खाली हिरवी आहे. पाऊस पडेपर्यंत त्यांना मेलेलं धरायचं नाही.

30 जून, रविवार : गिरिपुष्प, पहिली तोड

पाऊस लागला, पालवी पुरी भरली, पानं गर्द झाली. फेब्रुवारीत जे टाळलं तेच आता मुद्दाम करायचं. मुळांतली शिल्लक पानं काढण्यात खर्च झालेली आहे, आणि पानांनी ती अजून भरून दिलेली नाही. झाड सर्वांत हलकं असतं ते याच तीन-चार आठवड्यांत. हिवाळ्यात गिरिपुष्प तोडणं म्हणजे त्याला टवटवीत करणं. टेकड्यांवर दिसणारे दहा-दहा काठ्यांचे झुबके बहुतेक तसल्याच तोडीतून आलेले आहेत.

अडचण ही की हाच विणीचा हंगाम. नवरंग आलेला आहे, त्याची दोन सुरांची शीळ खालच्या ओढ्याजवळून येत होती. मोराची अंडी झुडपाखाली जमिनीवरच असतात. त्यामुळे सकाळचा पहिला तास हत्याराविना. चौघांनी हात-हातभर अंतराने ओळीत पट्टा चालून पाहिला. घरटं किंवा ये-जा दिसली तिथे काठी रोवून दहा मीटरांचा घेर सोडला. असे दोन घेर सुटले. तिथलं गिरिपुष्प यंदा तसंच राहील, सप्टेंबरात तोडल्याने पुरता फायदा नाही हे ठाऊक असूनही.

सरसकट तोड नाही. एकेका देशी खुंटाभोवती चार मीटर त्रिज्येचं आभाळ उघडायचं, नैर्ऋत्येकडची गिरिपुष्पं ठेवायची म्हणजे दुपारच्या उन्हाला आडोसा राहतो. सगळा पट्टा एकदम उघडा केला तर प्रकाशाचा पहिला फायदा घाणेरी, रानमोडी आणि उंच गवत घेतात, आणि ते गवत मार्चमध्ये पेटतं. आज नऊ जागा उघडल्या.

काप जमिनीलगत, शक्य तितका खाली. पाल्याच्या खतासाठी गिरिपुष्प राखणारे शेतकरी ते मुद्दाम गुडघ्याच्या वर तोडतात, कारण त्यांना भरपूर फुटवे हवे असतात. आपल्याला नको आहेत. उंच खुंट ठेवला तर पुढच्या वेळी काढायला दुप्पट काम.

वाटेपासून दूर असलेल्या दोन जाड झाडांची साल वीतभर रुंदीच्या पट्ट्यात गोल काढली, पांढरं लाकूड दिसेपर्यंत. आतल्या बाजूला हिरवा पापुद्रा राहिला तर झाड पुन्हा जोडून घेतं. ती उभी वाळू द्यायची, सुतारपक्ष्यांना लागतील. साल काढलेल्या भागाखालून फुटवे येणारच, ते बाकीच्यांबरोबर काढू.

14 जुलै, रविवार : तोडलेल्या मालाचं काय करायचं

पान आणि काडी वेगळी केली. पाला देशी खुंटांभोवती आठ-दहा सेंटिमीटर जाडीने, खोडापासून वीतभर सोडून. पाल्यात नत्र भरपूर, त्यामुळे तो थोड्या आठवड्यांत कुजून दिसेनासा होतो. खत म्हणून उत्तम, आच्छादन म्हणून कुचकामी. ओल धरायची असेल तर सप्टेंबरात त्यावर गवत टाकावं लागेल.

काड्यांचा प्रश्न नाजूक. गिरिपुष्पाचा पक्व दांडा ओल्या मातीत पडला तरी रुजतो. पट्ट्याच्या खालच्या अंगाला जुन्या चराच्या बांधावर कोणे एके काळी ताज्या खुंट्या ठोकून माती अडवायला कूड केलेली दिसते. आज त्या जागी गिरिपुष्पाची सरळ रांग उभी आहे, मधल्या अंतरासकट. म्हणून अंगठ्याहून जाड काड्या मातीवर पडू द्यायच्या नाहीत. उघड्या कातळावर आडव्या-उभ्या रचून ठेवल्या, खाली हवा खेळेल अशा. डिसेंबरपर्यंत पुऱ्या वाळल्या की मग समतल रेषेवर मांडायच्या. जाळरेषेपासून ढीग वीस मीटर आत.

11 ऑगस्ट, रविवार : पहिली ओरबाडणी

सहा आठवडे झाले. गिरिपुष्पाचे खुंट भरभरून फुटलेत, फुटवे हातभर. आज कोयता, कात्री काही नाही, फक्त हातमोजे.

फुटवा मुळाशी अंगठ्याने धरून खाली आणि बाहेर असा झटका द्यायचा. टाच, म्हणजे फुटव्याचं खुंटाला जोडलेलं बूड, सालीसकट निघाली पाहिजे, म्हणजे तिथला डोळाही जातो. कात्रीने कापला तर उरलेल्या बुंध्यावर दोन-तीन डोळे राहतात आणि एकाचे तीन होतात. फुटवा कोवळा, हिरवा असेतोवरच हे जमतं. तपकिरी झाला की मधूनच तुटतो. म्हणून चार ते सहा आठवडे, त्याहून उशीर नाही. पानं मोठी होऊन मुळांना परतफेड करू लागली तर मागची तोड फुकट.

जिथे फुटवा जमिनीखालून येतो तिथे माती बोटाने उकरून खालून काढावा लागतो. पाऊस झाल्यावरच यावं, कोरड्या मुरमात नखं जातात, टाच निघत नाही.

उघडलेल्या नऊ जागांपैकी चारांत कॉसमॉस आलाय. नारिंगी फूल दिसायला सुरेख, फिरायला येणारे फोटो काढतात आणि उपटलं की हळहळतात. पण एकदा बी धरलं की पुढच्या वर्षी खालचा गवताचा थरच दिसत नाही. फुलायच्या आत मुळासकट उपटून तिथेच दगडावर पालथा घातला. रानमोडीची रोपंही ओल्या मातीतून सहज निघतात. घाणेरीला मात्र टिकाव हवा, मुळाचा गड्डा राहिला तर उपयोग नाही.

22 सप्टेंबर, रविवार

दुसरी ओरबाडणी. फुटवे पहिल्यापेक्षा बारीक, संख्याही कमी; दोन खुंट फुटलेलेच नाहीत. त्यांच्यावर बुरशीचे पांढरे पंखे आलेत. सोडलेल्या दोन घेरांपैकी एकातून पक्षी गेलेले, तिथलं गिरिपुष्प तोडलं नाही, पुढच्या जूनसाठी लाल चिंधी बांधली.

पाल्याचं आच्छादन संपलंय, अपेक्षेप्रमाणे. वर गवत टाकलं, बी न धरलेलं.

6 ऑक्टोबर, रविवार : आपटा

शनिवारी दसरा. फेब्रुवारीत बुडछाटणी केलेल्या सहा आपट्यांचे फुटवे खांद्याएवढे झालेत आणि पानं ताजी, मोठी. नेमकी हीच ओरबाडली जाणार. पानं गेल्याने आपटा मरत नाही, पण लोक पानं खुडत नाहीत, फांदी मोडतात, आणि पहिल्या वर्षीचा फुटवा बुडापासूनच निघून येतो. वाटेजवळच्या चारांवर काटेरी झाप पुन्हा चढवले. सूचनेचा फलक लावू नये असं ठरलं. फलक नसता तर ज्यांना आपटा ओळखू आला नसता त्यांनाही फलक तो दाखवून देतो. शुक्रवारी संध्याकाळी आणि शनिवारी पहाटे दोघे-दोघे वाटेवर थांबतील, मागणाऱ्याला पायथ्याच्या मोठ्या झाडाची खुडलेली पानं देतील.

17 नोव्हेंबर, रविवार : विरळणी आणि पुढचं

देशी खुंट : एकतीसपैकी अठ्ठावीस जिवंत. मेमधल्या तीन मुक्यांतला एक जुलैत फुटला. दरेक खुंटावर पाच ते बारा फुटवे, धामणीचे सर्वांत उंच.

विरळणी आत्ताच उरकावी असा काहींचा आग्रह होता. ती पुढच्या फेब्रुवारीपर्यंत थांबवली आहे. हिवाळ्यात काही फुटवे शेळ्या खातील, काही वाऱ्याने मोडतील, काही आपोआप मागे पडतील. आज एकच ठेवला आणि तोच मोडला तर खुंट पुन्हा पहिल्यापासून. फेब्रुवारीत दोन ते तीन ठेवायचे, त्याच्या पुढच्या वर्षी एक. निवड करताना उंची शेवटी बघायची. आधी बघायचं ते फुटवा जमिनीच्या किती जवळून निघालाय, मग उताराच्या वरच्या अंगाचा आहे का, मग सरळपणा. काढायचे फुटवे मात्र कात्रीने, ओरबाडून नाही, कारण इथे साल शाबूत हवी.

कुसळीचं बी गळून गेलंय, मोज्यांतून उपसायला लागतंय. मुनियांचे थवे गवतावर आहेत, म्हणून आतलं गवत डिसेंबरअखेर कापायचं. प्रत्येक देशी खुंटाभोवती एक मीटरचा घेर मात्र त्याआधी मोकळा करायचा. हातभर फुटव्यांना वणव्याची एक झळही पुरते.

आणायचं : बो-सॉची दोन पाती, सुती चिंध्या (लाल, पिवळी), गमबूट 8 आणि 9 नंबरचे, कुऱ्हाडीसाठी बाभळीच्या पाचरी. परवानगीच्या नूतनीकरणाचा अर्ज परिक्षेत्र कार्यालयात डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात द्यायचा आहे, सोबत या वर्षीच्या नोंदींची प्रत.